एक्स-मेन वाचायला कुणाची परवानगी लागते?

"आधीचे सगळे वाचले आहे काय? नसेल तर पुढचे कळायचे नाही." असे सांगून माणसाला दारातूनच परत पाठवण्याची रीत आपल्या देशाला नवी नाही. पोथीच्या बाबतीत ती चालली, शास्त्रीय संगीताच्या बाबतीत चालली, इंग्रजीच्या बाबतीत आजही चालते. अमेरिकेतल्या चित्रकथांच्या, म्हणजे कॉमिक्सच्या बाबतीतही ती चालते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसेल. चित्रपट पाहून 'एक्स-मेन'कडे वळलेली कॉलेजातली मुले-मुली दोन दिवसांत कंटाळून बाजूला होतात. कथा अवघड असते म्हणून नव्हे, तर कुठला अंक आधी घ्यायचा तेच कळत नाही म्हणून. ज्याला विचारावे तो जाणकार साठ वर्षांचा इतिहास अशा थाटात ऐकवतो, की विचारणाऱ्याला आपण अडाणी असल्याची खात्रीच पटावी!

गोंधळ खोटा नाही. 'एक्स-मेन' या नावाच्या नियमित मालिकेचा 'अंक १' मार्व्हल कंपनीने सात वेळा काढला आहे : १९६३, १९९१, २०१०, २०१३, २०१९, २०२१ आणि २०२४ साली. 'अनकॅनी एक्स-मेन' या दुसऱ्या मुख्य मालिकेचा पहिला अंक २०११ पासून पाच वेळा निघाला. त्याशिवाय न्यू म्यूटंट्स, एक्स-फॅक्टर, एक्स-फोर्स, एक्सकॅलिबर, अस्टॉनिशिंग, अल्टिमेट, लेगसी आणि वुल्व्हरिनच्या स्वतंत्र मालिका. १९८१ मधली 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' ही गाजलेली कथा अवघ्या दोन अंकांची आहे. पण तिचा पहिला भाग 'द एक्स-मेन'च्या १४१ व्या अंकात आणि दुसरा 'द अनकॅनी एक्स-मेन'च्या १४२ व्या अंकात सापडतो. मालिका तीच, लेखक तोच, चित्रकार तोच. मधल्या महिन्यात नाव तेवढे बदलले.

माझे म्हणणे सरळ आहे. हा पसारा विक्रीने वाढवला आहे, कथेने नव्हे. तेव्हा त्याला ग्रंथाच्या अध्यायांसारखा क्रम लावत बसण्याचे आणि तो क्रम पाठ नाही म्हणून मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही. भीमजयंतीच्या जलशात मध्येच येऊन बसलेल्या माणसाला, सुरुवात चुकली म्हणून कुणी उठवते काय?

पण मुळात आपल्या वाचकाने या भानगडीत पडावेच कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर या कथेच्या जन्मातच आहे. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये हा चमू निर्माण केला, तेव्हा इतर नायकांना शक्ती मिळत ती अपघाताने. कुणाला कोळी चावला, कुणावर किरणांचा मारा झाला. दर वेळी नवा अपघात शोधण्याचा कंटाळा आला म्हणून ही माणसे जन्मतःच वेगळी दाखवली, असे ली यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. लेखकाने सोयीसाठी केलेली ही गोष्ट पुढे साऱ्या कथेचा कणा ठरली. या लोकांनी काही केलेले नाही. ते ज्या शरीरात जन्माला आले तोच त्यांचा गुन्हा, आणि त्यासाठी सरकार त्यांची नोंद ठेवते, जमाव त्यांच्यावर धावून येतो, शेजारी दार लावून घेतो. हे आपल्या वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तरीही १९६३ च्या पहिल्या अंकापासून सुरुवात करू नका. पंडित मंडळींना हे रुचणार नाही. पण त्या पहिल्या अंकांत न्यूयॉर्कजवळच्या एका वाड्यात, खाजगी शाळेत शिकणारी पाच गोरी, सुस्थितीतली मुले आहेत. द्वेषाची गोष्ट अधूनमधून डोकावते, बाकी मारामारी. वाचकही फारसे आले नाहीत. ६६ व्या अंकानंतर नव्या कथा थांबल्या आणि १९७० च्या अखेरीपासून १९७५ पर्यंत कंपनी जुन्याच कथा पुन्हा छापत राहिली. म्हणजे 'सुरुवातीपासून वाचा' हा सल्ला पाळणारा वाचक या मालिकेचा सर्वांत अशक्त भाग आधी वाचतो, आणि तिथेच सोडून देतो.

खरी सुरुवात १९७५ मध्ये 'जायंट-साइझ एक्स-मेन' या एका जाड अंकाने झाली. लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी चमूच बदलून टाकला. केनियातली स्टॉर्म, जर्मनीतला नाइटक्रॉलर, रशियातल्या सामूहिक शेतावरचा कोलोसस, अपाची जमातीतला थंडरबर्ड, कॅनडाचा वुल्व्हरिन. लगेच पुढच्या अंकापासून लेखणी क्रिस क्लेअरमाँट यांच्या हाती आली आणि ती १९९१ पर्यंत, सोळा वर्षे, त्यांच्याकडेच राहिली. 'एक्स-मेन' म्हणून जग जे ओळखते ते बहुतांशी या सोळा वर्षांतले आहे. (यातली स्टॉर्म २००६ मध्ये ब्लॅक पँथरशी लग्न करते. ब्लॅक पँथर हे पात्र १९६६ च्या जुलैच्या अंकात आले आणि ब्लॅक पँथर पार्टी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्थापन झाली. आपल्या दलित पँथरने १९७२ मध्ये नाव घेतले ते त्या पार्टीवरून. काही लोक दोन्हींची गल्लत करतात, म्हणून एवढे सांगितले.)

क्लेअरमाँट यांनी मोठे काम केले ते मॅग्नेटो या पात्राचे. १९६३ मध्ये तो साधा खलनायक होता. १९८१ च्या १५० व्या अंकात कळते की तो लहानपणी ऑश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेला माणूस आहे. मग प्रश्नच बदलतो. वाड्यात राहून सबुरीचा उपदेश करणारा प्राध्यापक झेवियर बरोबर, की आपल्या लोकांचा संहार डोळ्यांनी पाहिलेला मॅग्नेटो? या दोघांना मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स यांच्या जागी ठेवण्याची फॅशन अमेरिकेत आहे. मला ही तुलना मान्य नाही. किंग यांनी सबुरीचा उपदेश केला, हेच मुळात खोटे. १९६३ मध्येच, एक्स-मेनचा पहिला अंक निघाला त्या वर्षी, बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी 'अजून थांबा' म्हणणाऱ्या गोऱ्या सज्जनांची चांगलीच झाडाझडती घेतली आहे. आणि माल्कम एक्स यांना जग जिंकू पाहणाऱ्या खलनायकाच्या रांगेत बसवणे हा तर निव्वळ अन्याय आहे.

याहून आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट मॉरलॉक्सची. १९८३ च्या १६९ व्या अंकात ही माणसे प्रथम दिसतात. तीही म्यूटंटच. पण ज्यांचे वेगळेपण कपड्यांखाली झाकता येत नाही, चेहऱ्यावर दिसते, अशी. ती न्यूयॉर्कच्या जमिनीखालच्या बोगद्यांत, गटारांच्या बाजूला राहतात. ज्यांना माणसांत मिसळून जाता येते ते म्यूटंट वाड्यात, ज्यांना येत नाही ते जमिनीखाली! द्वेष सोसणाऱ्यांतही वर-खाली पायऱ्या असतात, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमतेच्या सिद्धांतात आपल्याला शिकवले आहे. अमेरिकेतल्या एका पोरांच्या मासिकात ते चित्ररूपाने पाहायला मिळावे, याचे नवल वाटते.

आणि नेमक्या याच माणसांच्या कथेपासून बाजाराचा खेळ सुरू झाला. १९८६ मध्ये 'म्यूटंट मॅसेकर' या कथानकात मॉरलॉक्सची कत्तल होते. तोवर 'न्यू म्यूटंट्स' १९८३ पासून आणि 'एक्स-फॅक्टर' १९८६ पासून निघू लागले होते. कत्तलीची कथा या तिन्ही मालिकांत वाटली गेली, आणि वर 'थॉर' व 'पॉवर पॅक' यांतही तिचे धागे सोडले. पूर्ण वाचायची तर पाच मासिके घ्या. खप चांगला झाला. मग काय, हा वार्षिक रिवाजच झाला. १९८८ ला एक, १९८९ ला एक, १९९० ला एक. एक्स-फॅक्टरची मूळ कल्पना तर ऐकण्यासारखी आहे. १९६३ चे पाच जण पुन्हा एकत्र हवेत म्हणून १९८० मध्ये मेलेली जीन ग्रे जिवंत केली, आणि या पाच म्यूटंटांनी म्यूटंट पकडून देणाऱ्या माणसांचे सोंग घेतले. आपल्याच लोकांविरुद्ध भीती पसरवणारी जाहिरात करायची आणि त्या आडून त्यांना मदत करायची! पुढच्या लेखकांना हे सोंग गुंडाळावे लागले, ते बरे झाले.

१९९१ मध्ये कळस झाला. जिम ली यांच्या चित्रांचा नवा 'एक्स-मेन, अंक १' पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या. विक्रीचा तो विक्रम आहे. पण त्या प्रती दुकानदारांनी मागवल्या होत्या, तेवढे वाचक जगात होते असे नव्हे. एकेक गिऱ्हाईक पाचही मुखपृष्ठे घेई, कारण पुढे किंमत वाढेल असे त्याला सांगितलेले. ज्या लेखकाने सोळा वर्षे ही मालिका वाढवली तो क्लेअरमाँट तीन अंकांनंतर बाहेर पडला. १९९२ चे 'एक्स-क्यूशनर्स साँग' हे कथानक चार मालिकांत, बारा भागांत, आणि प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, सोबत एक कार्ड. पिशवी फोडली तर अंकाची 'किंमत' जाणार. म्हणून एक प्रत वाचायला, दुसरी न फोडता ठेवायला. वाचू नये म्हणून पुस्तक विकत घेण्याचा हा प्रकार! फुगा फुटायचा तो फुटला. दुकाने बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्यातून कंपनी वर आली, सवय गेली नाही. १९९१ च्या त्या मालिकेचे ११४ व्या अंकापासून, २००१ मध्ये, 'न्यू एक्स-मेन' झाले. १५७ व्या अंकाला पुन्हा 'एक्स-मेन'. २०८ व्या अंकाला, २००८ मध्ये, 'एक्स-मेन लेगसी'. आकडे एका सरळ रेषेत, पाटी मात्र बदलत जाते. 'अनकॅनी'ची गंमत उलटी आहे. तिथे पाटी तीच आणि आकडे उड्या मारतात. ५४४ नंतर १, आणि २०१५ मध्ये ३५ नंतर एकदम ६००! कारण उघड आहे. 'अंक १' पाहून नवे गिऱ्हाईक थबकते आणि '६००' पाहून जुन्याला अभिमान वाटतो. दोघांच्याही खिशात हात घालायचा आहे.

यात दुकानांच्या रचनेचाही भाग आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. पूर्वी हे अंक पेपरच्या स्टॉलवर, किराणा दुकानात विकले जात. उचलणारा कोण, त्याने मागचा अंक वाचला की नाही, याची खात्री नसे. म्हणून क्लेअरमाँट दर अंकात प्रत्येक पात्राचे नाव, शक्ती आणि दुखणे पुन्हा सांगतात. आज ते पाल्हाळ वाटते, पण त्यामुळेच १९७५ ते १९९१ मधला कुठलाही अंक उचलून वाचता येतो. पुढे खास कॉमिक्सची दुकाने आली. ती परत न करण्याच्या बोलीवर माल घेतात आणि ठरलेल्या गिऱ्हाइकांवर चालतात. गिऱ्हाईक ठरलेले म्हटल्यावर लेखकांनीही नवख्याचा विचार सोडला. वीसेक पानांच्या एका अंकाला आज चार ते पाच डॉलर पडतात. असे दरमहा पाच-सहा अंक घेऊ शकणाऱ्या माणसासाठीच हे लिहिले जाणार असेल, तर जन्मावरून हिणवल्या जाणाऱ्यांची ही कथा वाचणार कोण?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मालिका वाढल्या त्या धंद्यासाठी, पण कडेच्या मालिकांत अशा गोष्टी घडल्या ज्यांना मुख्य मालिकेत जागा मिळाली नसती. 'न्यू म्यूटंट्स'मध्ये शायेन जमातीची मुलगी, व्हिएतनामची निर्वासित मुलगी, ब्राझीलचा कृष्णवर्णीय बापाचा मुलगा, केंटकीच्या खाणकामगाराचा पोरगा, अशी मुले केंद्रस्थानी आली. नॉर्थस्टार या नायकाने आपण समलिंगी असल्याचे १९९२ मध्ये उघड सांगितले ते 'अल्फा फ्लाइट' या शाखेच्या मालिकेत, आणि २०१२ मध्ये त्याचे लग्न लागले ते 'अस्टॉनिशिंग एक्स-मेन'च्या ५१ व्या अंकात. मोठ्या अंगणात जे करायला प्रकाशक घाबरतो ते तो मागच्या दारी करून पाहतो. म्हणून सगळ्या जोडमालिका कचरा, असा शेरा मी मारणार नाही.

मग वाचायचे कसे? अंकाचा आकडा विचारू नये, वर्ष आणि लेखक विचारावा. मालिका हे खोके आहे. आत काय आहे ते लेखक ठरवतो. आणि सुटे अंक न घेता एकत्रित खंड घ्यावा, कारण पाच मालिकांत विखुरलेली कथा तिथे क्रमाने लावलेली मिळते. माझा पहिला आग्रह 'गॉड लव्हज, मॅन किल्स' या १९८२ च्या पुस्तकाचा. क्लेअरमाँट यांची कथा, ब्रेंट अँडरसन यांची चित्रे. त्याला मागचे-पुढचे काही लागत नाही. सुरुवातीलाच दोन काळी भावंडे, म्यूटंट म्हणून, रात्री शाळेच्या मैदानात मारली जातात. मारणारे धर्मशुद्धीचे सैनिक आहेत आणि त्यांच्यामागे टीव्हीवरून प्रवचन देणारा धर्मगुरू स्ट्रायकर. त्याच्या हातात सदैव धर्मग्रंथ. त्याने स्वतःचे नवजात मूलही जन्माच्या कारणावरून मारलेले आहे. चाळीस वर्षांहून जुने पुस्तक आहे, कालचे वाटते.

त्यानंतर ज्याला गोडी लागेल त्याने १९७५ पासूनचे खंड घ्यावेत. १९८० ची डार्क फीनिक्सची कथा, १२९ ते १३७, त्यातच येते. जिनोशा चुकवू नये. १९८८ च्या २३५ ते २३८ या अंकांत हे समृद्ध, स्वच्छ, सुंदर बेट येते आणि मग कळते की त्याची भरभराट डोके भादरलेल्या, नावाऐवजी क्रमांक दिलेल्या म्यूटंट गुलामांच्या कष्टावर उभी आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट चालू असताना हे छापले जात होते. नंतर २००१ मध्ये ग्रँट मॉरिसन यांनी 'न्यू एक्स-मेन'च्या सुरुवातीलाच, तोवर म्यूटंटांचा देश झालेल्या या बेटावर एका झटक्यात १ कोटी ६० लाख माणसे मारली. मॉरिसन यांची मालिका ११४ पासून १५४ पर्यंत सलग वाचता येते आणि तिला बाकीच्या पसाऱ्याची फारशी गरज नाही. १९९२ ते २००० मधले बरेचसे सोडले तरी चालेल. त्यातले 'एज ऑफ अपोकॅलिप्स' अनेकांचे लाडके आहे. १९९५ मध्ये चार महिने सगळ्या मालिका बंद करून त्याच जागी नव्या नावांनी काढल्या होत्या. माझे मन त्यात रमले नाही.

ज्याला अलीकडचे हवे त्याने २०१९ चे 'हाउस ऑफ एक्स' आणि 'पॉवर्स ऑफ एक्स' घ्यावे. जोनाथन हिकमन यांच्या या दोन मालिका, सहा-सहा अंकांच्या, एकमेकींत विणलेल्या आहेत. एका जाड खंडात दोन्ही योग्य क्रमाने मिळतात. इथे म्यूटंट माणसांच्या दयेची वाट पाहणे सोडतात आणि क्राकोआ बेटावर स्वतःचे राष्ट्र उभारतात. स्वतःची भाषा, स्वतःचा कायदा. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' (१९४७) मध्ये बाबासाहेबांनी केलेली स्वतंत्र वसाहतींची मागणी ज्यांनी अभ्यासली आहे, त्यांना हा वाद ओळखीचा वाटेल : वेगळे राहून सुरक्षित व्हायचे की एकत्र राहून हक्क मागायचे? दुर्दैवाने या यशावर कंपनीने पुन्हा डझनावारी मालिका काढल्या आणि २०२४ मध्ये ते पर्व संपवून टाकले. त्यानंतर आलेल्या मालिकांपैकी 'एक्सेप्शनल एक्स-मेन' ईव्ह यूइंग या शिकागोच्या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ लेखिकेने लिहिली, ही मात्र दखल घेण्याजोगी गोष्ट.

या कथांत दोषही आहे आणि तो झाकू नये. ज्याच्या डोळ्यांतून इमारत पाडणारा किरण निघतो त्याला लोक घाबरले तर त्यात थोडे तरी कारण दिसते. काळ्या माणसाला किंवा अस्पृश्य ठरवलेल्याला घाबरण्याचे असे कोणतेच कारण कधी नव्हते. रूपक इथे लंगडे पडते. भारताकडे पाहतानाही यांची नजर तोकडीच. २००० मध्ये कोलकात्याचा नील शारा आला. पारस गावसकर नावाचा मुलगा आहे, त्याचे टोपणनाव 'इंद्र'! २०१० मध्ये 'एक्स-मेन लेगसी'च्या २३८ ते २४१ या अंकांत मंडळी थेट मुंबईत येतात. जन्मावरून माणूस मोजण्याची कथा सांगायला याहून योग्य देश कुठला? पण लेखकाला पारसच्या घरात दिसले ते आईबापांनी ठरवलेले लग्न.

पैशांचा प्रश्न राहतो. कंपनीच्या 'मार्व्हल अनलिमिटेड' या वर्गणीच्या सेवेत हजारो जुने अंक मोबाइलवर वाचता येतात. नवा अंक तिथे सुमारे तीन महिन्यांनी येतो. घाई कुणाला आहे? पण प्रत्येक मुलाने वर्गणी भरावी हे सांगणे मला पटत नाही. वस्त्यांमधली वाचनालये, वसतिगृहांतली अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या गाइडांवर दरवर्षी खर्च करतातच. त्यातून एखाद्या वर्षी 'गॉड लव्हज, मॅन किल्स' आणि १९७५ पासूनचा पहिला खंड घ्यावा. इंग्रजी अवघड वाटेल हे खरे, पण चित्रे सोबतीला असतात आणि दोघा-तिघांनी मिळून वाचले तर अडते कमी. पहिले पुस्तक साठेक पानांचे आहे. एका संध्याकाळी वाचून होते, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्याला देता येते.